पदवीला एक मत

त्या घरात प्रत्येक गोष्ट मतदानाने ठरे, आणि मत माणसाला नसे, पदवीला असे. एक पदवी, एक मत. ज्याच्या दोन पदव्या त्याची दोन मतं, आणि ज्याला पदवीच नाही त्याने चहा करावा.

ही पद्धत हेडमास्तरांनी घालून दिली होती. हेडमास्तर म्हणजे घरातले सगळ्यात थोरले. निवृत्त झाल्यावर शाळेच्या घंटेविना त्यांना इतकं चुकल्यासारखं झालं की थोड्याच दिवसांत त्यांनी घराचीच शाळा केली. "डोकी मोजायला आपण मेंढरं आहोत का?" असं ते म्हणत. "डोक्यात काय आहे ते मोजा." घरातल्या सगळ्यांना हे पटलं. पटणारच. ज्यांना विचारलं होतं त्या सगळ्यांकडे काही ना काही मोजण्यासारखं होतं.

हेडमास्तरांची स्वतःची दोन मतं, बी.ए.चं एक आणि बी.एड.चं एक. थोरल्या मुलाची तीन. तो कॉलेजात उपप्राचार्य होता आणि त्याने डॉक्टरेट केली होती, म्हणून घरात आणि दारात त्याला डॉक्टर म्हणत. गल्लीत नवीन राहायला आलेलं कोणी कधी पोट धरून त्याच्याकडे येई, आणि तो त्याला उंबऱ्यावर उभं करून डॉक्टर आणि डॉक्टर यांतला फरक समजावून सांगे. त्याचा प्रबंध घरकामाच्या आर्थिक मूल्यावर होता. तो लिहायला त्याला सहा वर्षं लागली, आणि त्या सहा वर्षांत त्याने स्वतःचा पेला एकदाही विसळला नाही. त्याच्या बायकोची मतं दोन, मानसशास्त्रातली. धाकटा मुलगा बी.कॉम., विमा कचेरीत कारकून, त्याचं एक.

आणि धाकट्याची बायको, जिला सगळे धाकटी म्हणत, तिचं एकही नाही. तिने कॉलेजचं शेवटचं वर्ष अर्धवट सोडलं होतं. अर्ध्या पदवीला अर्धं मत द्यावं असं तिच्या नवऱ्याने एकदा लाजत लाजत सुचवलं होतं. त्यावर मतदान झालं आणि ते फेटाळलं गेलं.

बैठक दर रविवारी सकाळी, बाहेरच्या खोलीत. सोफ्यावर एम.ए.च्या वरचे, खुर्च्यांवर नुसते पदवीधर, आणि दाराजवळच्या स्टुलावर धाकटी. स्टूल दाराजवळ असण्याचं कारण उघड होतं. खाली गिऱ्हाईक आलं की तिला उठून जाता यावं.

कारण घराच्या खाली लाँड्री होती, आणि वरची सगळी विद्वत्ता त्या लाँड्रीवर उभी होती.

लाँड्री सासूबाईंनी काढलेली. सासूबाईंना सहीपुरतं येत होतं. हेडमास्तरांच्या पगारात दोन मुलांची कॉलेजं होईनात, तेव्हा त्या बाईने खालच्या खोलीत एक टाकी बांधली आणि लोकांच्या चादरी धुवायला घेतल्या. त्या गेल्यावर धाकटीने लाँड्री हातात घेतली. दोन मोठी यंत्रं, वाफेची इस्त्री, मागच्या खोलीत भिजवायच्या टाक्या. हॉटेलांच्या चादरी येत, दवाखान्यांचे एप्रन येत, कचेऱ्यांतल्या साहेबांचे शर्ट येत. जिन्याच्या भिंतीवर घरातल्या प्रत्येक पदवीचा फोटो होता, काळा गाऊन घालून आणि हातात गुंडाळी धरून काढलेला. सासूबाईंचाही फोटो होता. तो स्वयंपाकघरात, फ्रीजवर.

जिन्यातल्या भिंतीवर एक खिळा मात्र रिकामा होता. तो धाकटीने स्वतः ठोकला होता, तिच्या लेकीसाठी.

लेकीला घरात चिमणी म्हणत. बी.एस्सी.च्या समारंभाला तिला कावीळ झाली आणि फोटो हुकला. आता ती एम.एस्सी. झाली होती, काकांच्याच कॉलेजातून, आणि समारंभ तोंडावर आला होता. धाकटी वरच्या मंडळींची कितीही टर उडवो, त्या खिळ्यापाशी आली की तिचे पाय थांबत. आपली लेक काळ्या गाऊनमध्ये कशी दिसेल, हे ती इस्त्री फिरवता फिरवता शंभरदा बघून चुकली होती. दुसऱ्याच्या वेडाला हसावं आणि त्याच वेडाचा एक खिळा आपल्याही भिंतीत ठोकून ठेवावा, असं माणसाचं होतंच.

आणि नुसत्या फोटोचंही नव्हतं. चिमणीच्या दोन पदव्या म्हणजे दोन मतं.

ती मतं आता हवी होती. डॉक्टरांनी प्रस्ताव आणला होता, की लाँड्री बंद करावी आणि त्या जागेत प्रवेश परीक्षांचं मार्गदर्शन केंद्र काढावं. डॉक्टर मार्गदर्शन करणार, त्यांची बायको मुलांच्या मनाची तयारी करून घेणार.

"खाली वाफ आणि वर व्यासंग, हे शोभत नाही," डॉक्टर म्हणाले होते. "लोक विचारतात, उपप्राचार्यांचं घर कुठलं? तर म्हणे, लाँड्रीच्या वर!"

"त्यात काय वाईट आहे? सापडतं तरी," धाकटी म्हणाली होती.

जाऊबाईंनी डोळे मिटून श्वास सोडला. समोरच्याचं बोलणं आपण मनाला लावून घेतलेलं नाही, हे दाखवायची त्यांची ती पद्धत होती.

हिशेब सोपा होता. डॉक्टर आणि जाऊबाई मिळून पाच. राहिले हेडमास्तर, धाकटा आणि चिमणी, यांचीही पाच. आणि बरोबरी झाली तर आहे ते तसंच चालू राहायचं, हा हेडमास्तरांचाच नियम. हेडमास्तरांना खळ घातलेल्या कॉलरशिवाय मान ताठ ठेवता येत नसे, म्हणून ते लाँड्रीच्या बाजूने होते. नवऱ्याला धाकटीने शनिवारी जेवता जेवता एवढंच म्हटलं, "उद्या हात वर झाला नाही, तर परवापासून जेवण कुठे, ते बघून ठेवा." त्याचा हात तेव्हाच वर झाला.

चिमणीला मात्र तिने काही सांगितलं नाही. पोटच्या पोरीला काय सांगायचं? तिची फी त्या टाक्यांतून निघाली होती आणि तिचा चष्माही.

तसं पाहिलं तर सांगायला हवं होतं. चिमणी कॉलेजातून मागच्या फाटकाने घरी येई, लाँड्रीतून कधीच नाही. मागच्या खोलीत तिने पाऊलही टाकलं नव्हतं. साबणाचा वास केसांना लागतो, म्हणे. आणि एका मैत्रिणीने घरी आल्यावर धाकटीला विचारलं होतं, "काकू, तुम्ही वस्त्रोद्योगात आहात ना?" धाकटीला वाटलं होतं, पोरगी थट्टा करते आहे. ती मनापासून हसली होती. हसणारी ती एकटीच होती, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

रविवारी बैठक भरली. पहिला वाद निघाला तो चिमणीच्या दुसऱ्या मताचा. निकाल लागला आहे, पण पदवी हातात पडलेली नाही, तर मत धरायचं की नाही? डॉक्टर म्हणाले, नाही. हेडमास्तर म्हणाले, निकाल म्हणजे पदवी, समारंभ म्हणजे नुसता पोशाख. अर्धी सकाळ यात गेली. चिमणीने काकांच्या आणि आजोबांच्या, दोघांच्याही म्हणण्याचं सार इतकं छान सांगितलं की डॉक्टरही खूश झाले आणि दुसरं मत मान्य झालं.

स्टुलावर धाकटीचा ऊर भरून आला. पोरगी बोलायला शिकली, असं तिला वाटलं.

मग मतदान. डॉक्टर तीन. जाऊबाई दोन. हेडमास्तरांनी कॉलर चाचपली आणि विरुद्ध दोन दिली. धाकट्याने हात वर केला, बायकोकडे बघितलं, आणखी वर केला.

"चिमणी?" हेडमास्तर म्हणाले.

चिमणी उठून उभी राहिली. तिने चष्मा पुसला.

"आजोबा, मला दोन्ही बाजू पटतात," ती म्हणाली. "लाँड्रीचं आपल्या घरातलं योगदान नाकारता येणार नाही. पण जागेच्या बदलत्या उपयोगाचाही विचार व्हायला हवा. शिवाय यात माझ्या आईचे हितसंबंध आहेत. अशा वेळी मी मत देणं नैतिक दृष्ट्या योग्य नाही. मी तटस्थ राहते."

"वा!" डॉक्टर म्हणाले. "याला म्हणतात शिक्षण!"

जाऊबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हेडमास्तरांनीही मान हलवली. लाँड्री हातची गेली होती, कॉलर जाणार होती, पण नात बोलली छान.

धाकटी स्टुलावर बसून होती. पोरीच्या एकेका शब्दाची किंमत तिला ठाऊक होती, कारण ती तिनेच भरली होती. 'हितसंबंध' दुसऱ्या वर्षाला आला असेल. 'नैतिक दृष्ट्या' बहुतेक कॉलेजच्या सहलीच्या पैशांत.

"माझं एक म्हणणं होतं," ती म्हणाली. "मागच्या टाक्यांत आत्ता जो माल भिजतोय—"

"विषयपत्रिकेत नाही," डॉक्टर म्हणाले.

"नाही, पण तो माल आहे—"

"धाकटे, बिनपदवीच्या सदस्यांनी शेवटी बोलायचं, वेळ उरला तर," हेडमास्तर जरा मऊपणे म्हणाले, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पुढे म्हणाले, "आणि वेळ तर उरलेला नाही."

डॉक्टरांनी ठरावाचं वाक्य तिथल्या तिथे रचलं आणि वाचून दाखवलं. त्यांना वाक्यं रचायला फार आवडे. लाँड्री, तिची सर्व यंत्रं, तिथला सर्व माल आणि त्या अनुषंगाने येणाऱ्या सर्व जबाबदाऱ्या आजपासून घर आपल्याकडे घेत आहे, आणि धाकटीला सर्व जबाबदाऱ्यांतून सन्मानपूर्वक मुक्त करत आहे. 'सन्मानपूर्वक' त्यांनी मागाहून घातलं. त्याशिवाय वाक्य उतरत नव्हतं.

"सर्व माल?" धाकटीने विचारलं.

"सर्व माल."

"आणि सर्व जबाबदाऱ्या?"

"अगं, सर्व म्हणजे सर्व," जाऊबाई हसून म्हणाल्या. "सोड आता. किती अडकून राहशील? मनाला सोडायला शिकवावं लागतं."

धाकटी उठली. एप्रन काढून तिने स्टुलावर ठेवला, आणि जिना उतरून गेली. रिकाम्या खिळ्यापाशी तिचे पाय थांबले नाहीत.

रस्त्याच्या पलीकडे ड्रायक्लीनरचं दुकान होतं. त्याचं आणि धाकटीचं हाडवैर. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवण्यात दोघांची उमेदीची वर्षं गेली होती, आणि त्या भांडणात एक आदर होता जो धाकटीला वरच्या मजल्यावर कधी दिसला नव्हता.

"ताई, तुम्ही?" तो म्हणाला. "भांडायला की कामाला?"

"कामाला. भांडण जोडीला होईलच."

"पगार काय घेणार?"

"जो तुम्हाला जड जाईल तो. आणि कपडे घ्यायचे की नाही, ते मी ठरवणार."

ड्रायक्लीनरने क्षणभर विचार केला. समोरचं दुकान बंद आणि समोरची बाई आपल्याकडे, असा दिवस त्याने स्वप्नातही बघितला नव्हता. "या आत," तो म्हणाला. "चहा टाकायला सांगतो. इथे चहा तुम्ही नाही करायचा."

एवढ्याशा वाक्याने धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचा तिला रागही आला.

इकडे डॉक्टरांनी कामाचा सपाटा लावला. निर्णय घेतला की अंमलबजावणी, असं ते कॉलेजात नेहमी म्हणत. तिथे कोणी ऐकत नसे, म्हणून इथे हौस भागवून घेतली. दुसऱ्याच दिवशी भंगारवाला बोलावला आणि यंत्रं उचलून दिली. हमालाने मागच्या खोलीतल्या टाक्यांवर वाकून विचारलं, "साहेब, यात कापड भिजतंय काळं. ढिगाने आहे."

डॉक्टरांनी आत जाऊन बघितलं नाही. वाफेचा दमट वास त्यांना सोसत नसे. जाऊबाईंनी नाकाला रुमाल लावून डोकावलं.

"पडदे दिसतायत," त्या म्हणाल्या. "एखाद्या नाट्यगृहाचे असतील."

"मागच्या अंगणात सारा," डॉक्टर म्हणाले. "येईल ज्याचा तो घ्यायला."

तर टाक्या अंगणात सारल्या गेल्या, उन्हात. आणि जिथे टाक्या होत्या तिथे फळा लागला. रस्त्यापलीकडून धाकटीला त्या टाक्या दिसत होत्या. एकदा ती काउंटरवरून उठली, रस्त्याच्या कडेपर्यंत आली आणि उभी राहिली. मग 'सर्व म्हणजे सर्व' हे शब्द तिच्या कानात वाजले आणि ती परत फिरली. तिला सांगता आलं असतं. हे ती स्वतःपाशी कबूल करत होती. पण सांगायला गेलेल्या माणसाला वेळ उरलेला नाही असं एकदा ऐकवलं, की त्याच्याकडेही वेळ उरत नाही.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी कॉलेजचा भांडारपाल हातगाडी घेऊन आला. लाँड्रीच्या जागी फळा बघून तो चक्रावला. तेवढ्यात जिन्यावरून उपप्राचार्य उतरले.

"सर, गाऊन न्यायला आलो होतो."

"कुठले गाऊन?"

"उद्याचे, सर. पदवीदानाचे."

"ते विद्यापीठाचे असतात," डॉक्टर म्हणाले, वर्गात म्हणत त्याच आवाजात.

"हो सर, विद्यापीठाचे असतात. पण वर्षभर कोठीत पडून त्यांना कुबट वास येतो, म्हणून समारंभाआधी धुवायला तुमच्याकडे असतात."

"आमच्याकडे?"

"दर वर्षी, सर. तुमच्या मातोश्री होत्या तेव्हापासून."

डॉक्टर जिन्याच्या पायरीवर बसले. भिंतीवर त्यांचे तीन फोटो होते. तिन्हींत काळा गाऊन होता, तिन्हींत तो स्वच्छ होता, आणि तो स्वच्छ कसा असतो हा प्रश्न घरकामाच्या आर्थिक मूल्यावर सहा वर्षं घालवलेल्या त्या माणसाला एकदाही पडला नव्हता.

अंगणात सगळे धावले. टाक्यांवरचं पाणी हिरवट झालं होतं आणि वास असा होता की जाऊबाईंना मनाला काय शिकवावं ते सुचेना. हेडमास्तरांनी काठीने एक गाऊन उचलून बघितला. तो सोडला, आणि तिथेच तातडीची बैठक जाहीर केली. लाँड्री पूर्ववत सुरू करावी आणि धाकटीला सन्मानपूर्वक परत बोलवावं, असा ठराव सगळ्या पदव्यांनी एकमुखाने केला. या वेळी चिमणीने दोन्ही मतं दिली. उद्या त्यांतलाच एक गाऊन तिच्या अंगावर चढायचा होता.

मग सगळे रांगेने रस्ता ओलांडून आले. पुढे हेडमास्तर, मग डॉक्टर, मग जाऊबाई, मागे धाकटा, आणि सगळ्यात मागे चिमणी. रस्ता ओलांडतानासुद्धा क्रम चुकला नव्हता.

"धाकटे, आम्ही ठराव मागे घेतला," हेडमास्तर म्हणाले. "एकमताने."

"छान झालं, मामंजी."

"तर चल मग."

"कुठे? यंत्रं तर भंगारात गेली."

डॉक्टर पुढे झाले. "हे बघ, ही घराच्या इभ्रतीची गोष्ट आहे. उद्या मंचावर मी असणार आहे."

"भाऊजी, तुम्ही मला सर्व जबाबदाऱ्यांतून मुक्त केलंत. सन्मानपूर्वक. मी विचारलंही होतं, सर्व म्हणजे सर्व का."

"अगं, ते वाक्यापुरतं!"

"मला काय माहीत? मी कमी शिकलेली. मला वाक्य म्हणजे खरंच वाटतं."

जाऊबाई कळवळून म्हणाल्या, "तू फार राग धरून बसली आहेस गं. त्याचा त्रास शेवटी तुलाच होणार."

"वहिनी, मला आत्तापर्यंत त्रास दुसऱ्यांच्या रागाचा होत होता. हा माझा आहे, बरा वाटतोय."

धाकटा काहीतरी बोलायला गेला. तिने त्याच्याकडे बघितलं. "तुमचा डबा काउंटरखाली ठेवलाय," ती म्हणाली. तो डबा घेऊन बाजूला झाला.

डॉक्टर ड्रायक्लीनरकडे वळले. "तुम्ही मालक आहात. तुम्ही सांगा."

"साहेब, आमच्याकडे कपडे घ्यायचे की नाही ते ताई ठरवतात," ड्रायक्लीनर म्हणाला. "मी नुसताच मालक आहे." आणि त्याने आत जाऊन हसून घेतलं.

त्या दिवशी गल्लीने जे बघितलं ते पुष्कळ दिवस पुरलं. डॉक्टर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून गाऊन तुडवत होते. जाऊबाई पिळत होत्या आणि अर्ध्यात हात सोडत होत्या, त्यामुळे दुसऱ्या टोकाच्या धाकट्याच्या तोंडावर पाणी उडत होतं. हेडमास्तर काठी घेऊन शिस्त राखत होते. भांडारपालाने मदत करायची तयारी दाखवली, पण उपप्राचार्यांना पायाने तुडवताना बघायची संधी त्याला पुन्हा मिळणार नव्हती, म्हणून तो हातगाडीवर बसून राहिला. घरातले सगळे पंखे लावून, दोऱ्या बांधून, सोफ्यावर पसरून गाऊन वाळवले गेले. वाळले, पण वास राहिला, आणि सुरकुत्या अशा की घातलेला माणूस नुकताच कुठून तरी सुटून आला आहे असं वाटावं.

संध्याकाळी चिमणी एक गाऊन हातावर टाकून एकटीच दुकानात आली. पुढच्या दाराने.

धाकटीने गाऊन हातात घेतला आणि नकळत कॉलर उलटून बघितली. बैठकीच्या आदल्या दिवशी, भिजवण्याआधी तिने सगळ्यांत चांगला गाऊन निवडून त्याच्या कॉलरला आतून पांढरा दोरा घातला होता. तो लेकीला द्यायचा, असं ती भांडारपालाला सांगणार होती. या कॉलरला दोरा नव्हता. तो कोणा दुसऱ्याच्या पोरीच्या अंगावर जाणार होता.

"आई, इस्त्री मिळेल?"

"टेबलावर आहे."

"म्हणजे... मी करू?"

"तुझा गाऊन आहे. मी मध्ये कशाला पडू?"

चिमणीने आयुष्यात स्वतःचा रुमालही कधी कडक केला नव्हता. तिने गाऊन टेबलावर पसरला. इस्त्री सुती चादरींसाठी लावलेली होती, फुल. धाकटीला बटण दिसत होतं. तो सुती कमी आणि नायलॉनी जास्त असलेला चमकता काळा कपडा दिसत होता. लेकीचा हात दिसत होता, लहानपणी पाटी धरायची तसा घट्ट. एक शब्द पुरला असता. तो तिच्या ओठापर्यंत आला, आणि तिथेच राहिला. इस्त्री छातीपाशी टेकली, चर्र झालं, आणि तेव्हा कुठे धाकटीचा हात पुढे गेला. उशीर झाला होता. कापडावर इस्त्रीच्या आकाराचा, काचेसारखा चकचकीत त्रिकोण उठला होता.

"आई! तू बघत होतीस!"

"बघत होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला दोन्ही बाजू पटत होत्या," धाकटी म्हणाली.

 चिमणीने चष्मा काढून डोळे पुसले. या वेळी चष्मा पुसला नाही.   धाकटीने बटण खाली आणलं, गाऊन उलटा केला, आणि बाकीची इस्त्री स्वतः केली. त्रिकोण काही निघण्यातला नव्हता. लेकीला तिने गाऊन घडी करून दिला, आणि दुकानाच्या पिशवीत घालून दिला, दुसऱ्या कोणाही गिऱ्हाइकाला देते तसा.

दुसऱ्या दिवशी समारंभ झाला. मंचावरच्या पाहुण्यांना भाषणात दोनदा शिंका आल्या आणि पहिल्या रांगेतल्यांनी खिडक्या उघडायला लावल्या. धाकटी गेली नाही. दुकानात चादरींचा ढीग होता.

मार्गदर्शन केंद्रात टेबलं आली, खुर्च्या आल्या, मुलं अजून यायची आहेत. धाकटी राहते त्याच घरात, पण रविवारी स्टुलावर बसत नाही. रविवारी दुकान चालू असतं. चहा कोणी करायचा यावर वर एक समिती नेमली आहे. हेडमास्तरांचे शर्ट रस्त्यापलीकडे जातात आणि त्यांच्या कॉलरला क्रमांकाचा बिल्ला लागतो. क्रमांक बराच मागचा असतो.

चिमणीचा फोटो मात्र लागला, त्याच खिळ्यावर. परवा घरी कोणी पाहुणे आले होते आणि धाकटी नेमकी जिन्यात होती, धुतलेल्या शर्टांचा गठ्ठा घेऊन. पाहुणे एकेक फोटो बघत वर चढत होते. चिमणीच्या फोटोपाशी ते थांबले. कॅमेऱ्याच्या प्रकाशात छातीवरचा त्रिकोण असा लखलखत होता की बाकीचे फोटो फिके पडावेत.

"हे चिन्ह कशाचं?" पाहुण्यांनी विचारलं.

"विज्ञान शाखेचं," हेडमास्तर क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले. "पदव्युत्तर."

पाहुण्यांनी मान डोलावली. मागे उभी असलेली चिमणी चहाचं बघते म्हणून झटकन आत गेली. ती स्वतःहून चहाचं बघायला गेलेली धाकटीने पहिल्यांदाच पाहिली.

पण हेडमास्तरांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी काठीने थोरल्याचा डॉक्टरेटचा फोटो दाखवला.

"मग तुझ्या फोटोत हे कसं नाही रे?"

डॉक्टरांनी दोन्ही फोटो चष्मा वरखाली करून नीट बघितले. धाकटी गठ्ठा छातीशी धरून थांबली.

"आमच्या वेळी नव्हतं, बाबा," डॉक्टर म्हणाले. "ते नंतर सुरू झालं."